मोटारीची आंघोळ

पितांबर शेठनं मोटार आणली त्या उन्हाळ्यात धरणगावात माणसांना आंघोळीला पाणी नव्हतं. मोटारीला होतं. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट आहे ही. गल्लीत कुणालाही विचारा, म्हणतील मंजुळाबाई वाढवून सांगते. अरे, वाढवायला त्यात जागा तरी होती का?

शेठ कापसाचा दलाल. मुंबईला गेला आणि निळी मोटार घेऊन आला. "कोरी करकरीत आहे, माझ्या आधी तिच्यात माशीसुद्धा बसली नाही," असं तो ज्याला त्याला थांबवून सांगायचा. आता मोटार आणली खरी, पण न्यायची कुठं? घरापासून स्टेशन आणि स्टेशनापासून घर, झालं. वैशाखातले आमचे रस्ते म्हणजे घोट्यापर्यंत धूळ. निळी जायची आणि मातकट होऊन यायची. मग शेठ अंगणात उभी करून तिला धुवायचा. मला तर वाटायचं, धुवायला मिळावी म्हणूनच हा बाबा ती बाहेर काढतो.

दुसऱ्या कुणाला तो हात लावू देत नव्हता. धोतराचा काचा मारून स्वतः धुवायचा, आणि धुताना तोंडाचा पट्टा चालू. मुंबईच्या कुण्या मोटारवाल्यानं त्याला शिकवलं होतं म्हणे. "ऐका," आम्ही घागरी घेऊन ताटकळत उभ्या असायचो आणि हा आम्हाला ऐकवायचा, "आधी नुसतं पाणी ओतायचं. भरपूर. धूळ भिजून आपली आपण खाली गेली पाहिजे. मग मऊ फडकं, तेही वरून खाली. चाकाचं फडकं अंगाला लावायचं नाही. गोल गोल घासायचं नाही. उन्हात धुवायची नाही. आणि कोरडं बोटसुद्धा लावायचं नाही, एक कण घासला गेला तरी रंगावर ओरखडा येतो. हा रंग आहे, तुमच्या घरचं पातेलं नाही!"

रोज ऐकून ऐकून आमच्या गल्लीतल्या पोरीबाळींनासुद्धा ते पाठ झालं होतं.

आम्ही ताटकळत का उभ्या? कारण विहीर शेठच्या अंगणात. त्याच्या बापानं खणली, पण खणायला सगळी गल्ली राबली होती, आणि म्हातारा देवमाणूस, मरेपर्यंत म्हणायचा की विहीर गल्लीची आहे. त्या साली बाकीच्या विहिरी आटल्या. हिच्यातही रात्रभर झिरपून सकाळी जेमतेम पाणी जमायचं. त्यातलं आधी मोटारीला. उरेल ते गढूळ आमच्या घागरीत. त्याची बायको वच्छलाबाई, ती तरी सुखात होती का? तिला घरात वापरायचं पाणी मोजून आणि नवऱ्याच्या लाडकीला मात्र धो धो. ती बिचारी माझ्याकडं बघून नुसती ओठ आवळायची.

माझ्या भिंतीला भिंत लावून सुंदरबाई राहायची. तिचा नवरा झिपरू दर उन्हाळ्यात कमरेला दोर बांधून त्याच विहिरीत उतरायचा आणि गाळ काढायचा. डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं भरून वर यायचा आणि हसायचा. गेल्या पावसाळ्यात तापानं गेला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली तशी सुंदरबाईला दुसरं काही सुचेना.

आखाजीला आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. नवी मातीची घागर, काठोकाठ पाणी, वर आंबा आणि खरबूज ठेवून पुजायची. ज्या घरचं माणूस त्याच वर्षी गेलं, त्या घराला तर ही घागर चुकवताच येत नाही. ती रिकामी राहिली तर ते माणूस वर्षभर तहानलेलं राहतं, असं आम्ही मानतो. कुणी हसायचं असेल तर खुशाल हसा. सुंदरबाईच्या डोळ्याला मात्र आठ दिवस आधीपासून डोळा लागला नव्हता.

आखाजीच्या सकाळी आम्ही साऱ्या बायका शेठच्या अंगणात गेलो. सुंदरबाईच्या काखेत कोरी लाल घागर. बघतो तर शेठ बादल्या मांडून तयार. दुपारच्या गाडीनं मामलेदारसाहेब येणार होते, त्यांना स्टेशनावरून मोटारीत बसवून आणायचं, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या खाऊ घालायच्या, असा बेत. शेठला सरकारकडून आपल्या नावाआधी रावसाहेब लावून घ्यायचं होतं. जळ्ळं मेलं ते रावसाहेब! पण त्यासाठी मोटार कशी दिसायला पाहिजे? लखलखीत.

सुंदरबाई पुढं झाली. "शेठ, एकच घागर. मना मालकनी पह्यली आखाजी शे."

"मोटार होऊ दे. उरलं तर ने."

"उरस कोठे, शेठ? रोज नुसता गारा-चिखल ऱ्हास."

तेव्हा शेठ जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. बादलीवरून मानही वर न करता म्हणाला, "अगं, झिपरू गेला तो गेला. तो आता कुठं पळून जातोय? मामलेदारसाहेबांची गाडी मात्र वेळेवर येते."

सुंदरबाईच्या काखेतली घागर खाली घसरली, ती मी धरली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. हात उचलून त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, खरं सांगते. पण तोंडात खडीसाखर धरून मी म्हणाले, "शेठ, तुम्ही कशाला एवढे राबता? मामलेदारासमोर असे घामाघूम जाणार का? दाढीही वाढलेली. तुम्ही आवरायला जा, मोटार आम्ही बायका करतो."

"तुम्ही?" शेठ फिसकन हसला. "ही मोटार आहे, मंजुळा अक्का."

"आम्हाला सगळं पाठ आहे. रोज तुम्हीच तर शिकवता." आणि मी सगळं धडाधडा म्हणून दाखवलं, वरून खाली, चाकाचं फडकं वेगळं, सावली, कोरडं बोट नाही, एक शब्द चुकू न देता.

शेठची छाती फुगली. शिकवलेलं कुणी असं म्हणून दाखवलं की माणूस खुळावतोच. तेवढ्यात न्हावीही धोकटी घेऊन दारात आला. मी म्हटलं, "आणि शेठ, एका हंड्यात करतो. एका हंड्यात चकचकीत झाली तर विहिरीतलं बाकीचं पाणी आज गल्लीचं. बोला."

"एका हंड्यात?" तो न्हाव्याकडं बघून डोळे मिचकावत म्हणाला, "ऐकलंस का रे? मी बादल्यांवर बादल्या ओततो आणि या एका हंड्यात करणार! बरं, चकचकीत करून दाखवा, विहीर तुमची. पण माझं तोंड दिसलं पाहिजे तिच्यात." आणि गेला आत, न्हाव्यापुढं गाल फुगवून बसायला.

हंडा भरला. तो सरळ सुंदरबाईच्या घागरीत ओतला.

"अक्का, आनि मोटारले?" ती घाबरून म्हणाली.

"तू घागर घेऊन घरी जा. पूजा मांड. मोटारीचं आम्ही बघतो."

आता उन्हाळ्यात पाणी नसलं की आम्ही भांडी कशी घासतो, हे खानदेशातल्या बाईला सांगायला नको. कोरडीच घासतो. चुलीतली राख, विटेची बारीक भुकटी, नारळाचा काथ्या. गोल गोल, दाबून, आणि मग फडक्यानं झटकून पुसायचं. पितळेचा हंडा असा निघतो की देवळाचा कळस मागं पडावा. राख आणायला कुणाला पाठवावं म्हणून मी वळले, तर वच्छलाबाई मागच्या दारातून सूप भरून राख घेऊन उभी. स्वतःच्या चुलीतली, कढत होती अजून. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पदर खोचला आणि पहिला काथ्या तिनंच उचलला.

मोटार ढकलून आम्ही भर उन्हात घेतली. शेठनं सावली सांगितली होती ना, म्हणून. आणि लागलो. निम्म्या बायका विहिरीतून पाणी शेंदून घरोघर नेत होत्या, निम्म्या घासत होत्या. चाक पुसलेलं फडकं दारावर, दारावरचं टपावर. गोल गोल. खसाखसा. कितीक दिवसांचा राग हातात होता, काय सांगू! कुणी आखाजीची गौराईची गाणी म्हणायला लागलं, कुणी शेठच्या नावानं जोडून चार ओळी रचल्या, त्या मी इथं सांगणार नाही. आखाजीला बायकांच्या तोंडाला कुणी हात लावत नाही, तेवढी एक सोय आहे.

निळा रंग निघायला लागला. मला वाटलं होतं ओरखडे पडतील, रंग पांढुरका पडेल. पण इथं तर निळ्याची खपलीच सुटत होती, आणि खाली पिवळं दिसायला लागलं. पिवळं धमक. भिकुबाई मोटारीच्या दारापाशी घासत होती, ती एकदम किंचाळली, "माय वं! आठे कान शेत!"

खरंच तिथं कान होते. मग तोंड निघालं, मग हातात धरलेली छत्री. आस्वल! एका चाकाच्या सायकलीवर बसलेलं, छत्री धरलेलं, चांगलं हातभर आस्वल. वरती मोठाली लाल अक्षरं. आमच्यातल्या एकीलाही वाचता येत नव्हतं, पण आस्वल वाचायला शाळा कशाला लागते? कोरी करकरीत म्हणे! माशीसुद्धा बसली नव्हती म्हणे!

वच्छलाबाई मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. लग्नानंतर एवढी हसलेली मी तिला तेव्हाच पाहिली.

शेठ बाहेर आला तो गुळगुळीत दाढी, रेशमी काठाचं उपरणं, जरीची टोपी. पायरीवरच थिजला. मग "अगं अवदसांनो!" असं ओरडत घरात पळाला, पिण्याच्या पाण्याचे माठ उचलून आणले आणि मोटारीवर रिते केले. वरून खाली, बरोबर शिकवल्यासारखे. त्याला वाटलं असेल निळं परत येईल. राख तेवढी वाहून गेली, आस्वल आणखी उजळून निघालं.

"कोरडं घासलंत! गोल घासलंत! उन्हात!" तो रिकामा माठ हातात धरून ओरडला.

मी म्हटलं, "तोंड दिसलं पाहिजे म्हणालात शेठ. दिसतंय की."

न्हावी तोंडात उपरणं कोंबून भिंतीकडं वळला.

असली मोटार घेऊन स्टेशनावर कोण जाणार? गाडी आली, मामलेदारसाहेबांनी वाट बघितली आणि शेवटी एक भाड्याचा छकडा करून, धूळ खात, टोपी हातात घेऊन ते शेठच्या दारी उतरले. ओट्यावर चढता चढता त्यांची नजर मोटारीवर गेली. थांबले. अक्षरं वाचली. सर्कशीचं नाव होतं, आणि खाली "रोज दोन खेळ" असं लिहिलं होतं, ते त्यांनी मोठ्यानं वाचलं तेव्हा आम्हाला कळलं.

"वा, शेठ," ते म्हणाले, "आणि तुम्ही मला यात बसवून गावातून आणणार होता?"

मामलेदार ओट्यावर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "बरं, ते राहू द्या. आधी प्यायला पाणी आणा. घसा पार सुकला."

घरात पाणी नव्हतं. माठ मोटारीवर गेले होते, विहिरीत नुसता चिखल राहिला होता, आणि बाकीचं सगळं शेठच्याच शब्दानं गल्लीच्या घरांत गेलेलं. वच्छलाबाईनं रिकामा तांब्या नवऱ्याच्या हातात दिला आणि आत निघून गेली.

शेठ तांब्या घेऊन गल्लीत आला. माझ्या दाराशी थांबला, तर मी दार लोटून घेतलं. होय, घेतलं. मी काही देवमाणूस नाही. फटीतून बघत राहिले. पुढचं दार सुंदरबाईचं, ते सताड उघडं. दारात शेणानं सारवलेल्या जागी ती घागर, वर आंबा, खरबूज, हळदीकुंकू. तिची पूजा नुकतीच उरकली होती आणि आता जेवणाआधी त्यातलं पाणी कुणा तहानलेल्याला द्यायचं, म्हणजे ते गेलेल्या माणसाला पोचतं, म्हणून ती वाट बघत बसली होती.

शेठ उंबऱ्याबाहेर उभा राहिला. तांब्या तेवढा पुढं केला. मला वाटलं आता ही बोलेल. निदान सकाळचं त्याचं बोलणं त्याच्या पदरात घालेल. मी आतून दात ओठ खात होते, बोल गं बाई, बोल की!

सुंदरबाईनं आंबा आणि खरबूज हळूच खाली ठेवले. घागर दोन्ही हातांनी कलती केली आणि तांब्या भरला, अगदी काठापर्यंत.

"मना मालकना नावनं पानी शे, शेठ," ती म्हणाली. "सांडू नका."

जरीची टोपी घातलेला तो माणूस दोन्ही हातांनी तांब्या धरून, श्वास रोखून, पाय मोजत भर उन्हात गल्लीतून परत गेला. एक थेंब सांडला नाही त्यानं.