पाटीचा कर

आमच्या ह्यांना आकडेमोड करताना भूक लागते. मी दुकान काढायचं ठरवलं त्या आठवड्यात घरातली बिस्किटं संपली, शेंगदाणे संपले, आणि रविवारी दुपारी हे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नुसती साखर खात बसले होते. समोर मोठा कागद. डाव्या बाजूला खर्च, उजव्या बाजूला कमाई. डावी बाजू खालपर्यंत भरली होती. उजवीकडे एकच ओळ होती, तीही पेन्सिलीने.

"ही पेन्सिलीने का?" मी विचारलं.

"कमाई अजून व्हायची आहे. खर्च होणारच आहे, म्हणून तो शाईने," हे म्हणाले.

हे एका वाहतूक कंपनीत हिशेबनीस आहेत. अशा माणसाशी वाद घालून उपयोग नसतो, त्याला फक्त चहा द्यायचा असतो.

दुकान कपडे दुरुस्तीचं. पँट आखूड करणं, चेन बदलणं, अंगाने सुटलेल्या माणसाचा कोट बाजूने सैल करणं. इतकी वर्षं मी तयार कपड्यांच्या कारखान्यात फक्त कॉलर शिवत होते. कॉलरीच्या खाली माणूस असतो हे मी विसरायला लागले होते. औषधाचं दुकान आणि घड्याळवाला यांच्या मधली खोली भाड्याने मिळत होती, पुढून पूर्ण काचेची, रस्त्यावर उघडणारी. मला ती बघताक्षणी आवडली. ह्यांना भाडं बघताक्षणी ठसका लागला.

शेवटी आम्ही दोघं एका कर सल्लागार बाईंकडे गेलो. बाई वयाने माझ्याएवढ्याच. टेबलावर फायलींचा ढीग, आणि त्या ढिगावर त्यांचा डबा.

"विक्रीकराची नोंदणी करून टाकावी म्हणतो," हे म्हणाले. घरून पाठ करूनच आले होते. "म्हणजे शिलाई मशीनवर भरलेला कर परत मिळेल."

"मिळेल. पण मग ताईंना प्रत्येक पँटवर गिऱ्हाइकाकडून कर घ्यावा लागेल. तुमचं गिऱ्हाईक कोण? दुकानं, कंपन्या?"

"छे हो," मी म्हणाले. "आजूबाजूची माणसं. पोट सुटलेली."

"त्यांना करासकट पावती घेऊन काय करायचंय? त्यांना तुम्ही फक्त महाग वाटणार. नाहीतर तो कर तुमच्या खिशातून जाणार. विक्री मर्यादेच्या आत आहे तोवर नोंदणीच्या भानगडीत पडू नका. मशीनवरचा कर एकदाच गेला, गेला. राहिला नफ्यावरचा कर. तो सगळे खर्च वजा करून जे उरेल त्यावर. म्हणून प्रत्येक खर्चाची पावती ठेवा. पावती नाही तर खर्च झालाच नाही, असं समजायचं."

हे इतके खूश झाले की त्यांनी बाईंच्या डब्याकडे बघितलं. मी त्यांना कोपर मारलं.

उठता उठता बाई म्हणाल्या, "आणि हो, पाटीचा कर. दुकानावर बाहेर पाटी लावलीत की तिच्या लांबीरुंदीप्रमाणे दरवर्षी पैसे भरावे लागतात. पाटी जेवढी मोठी, तेवढा कर."

आम्ही जिन्यावरच एकमेकांकडे बघितलं. दोघांच्या मनात एकच आलं. बाबा.

माझे वडील पेंटर. भिंती रंगवणारे नव्हेत, पाट्या रंगवणारे. उभं आयुष्य त्यांनी लोकांच्या दुकानांची नावं लिहिली. मग छापील पाट्या आल्या, काम कमी झालं, आई गेली, आणि मोठ्या दुखण्यातून उठल्यावर त्यांच्या हाताला कंप सुटला. तेव्हापासून ते आमच्याकडे आहेत. दुपारी झोपायचे, संध्याकाळी खिडकीत बसायचे, वाढलेलं निमूटपणे जेवायचे. हा निमूटपणाच मला खुपायचा. माझा बाप जेवताना भाजीला नावं ठेवणारा माणूस आहे.

आम्ही बाईंकडे जायच्या आधीच दुकानाचं कानावर पडलं आणि बाबांनी पलंगाखालून ब्रशांचा डबा ओढून काढला. टर्पेंटाइनचा वास घरभर पसरला. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच जाऊन दुकानाचं तोंड मापून आले.

"दहा फूट!" ते जेवताना म्हणाले. "या टोकापासून त्या टोकापर्यंत. पिवळ्यावर गडद निळा. बसमधून जाणाऱ्याला वाचता आलं पाहिजे. आणि ही भाजी कोणी केली? मीठ विकत आणायचं राहिलं का?"

मला इतका आनंद झाला की मी मीठ आणायला उठलेच नाही.

आता त्या दहा फुटांवर वर्षाला किती कर बसतो, हे ह्यांनी काढलं. जवळजवळ महिन्याच्या भाड्याइतका. दरवर्षी. उजवीकडची पेन्सिलीची ओळ त्या एका आकड्याने पार केविलवाणी झाली.

"दोन फुटांची छापील पाटी," हे हळू आवाजात म्हणाले. "मी नाही हं सांगणार त्यांना. तुझे वडील आहेत."

सासऱ्यांसमोर ह्यांची नेहमीच अशी शेपूट आत जाते. मीच सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. "लांबीरुंदीवर?" त्यांनी विचारलं. "अक्षरांवर नाही? आम्ही आपले अक्षरावर पैसे घ्यायचो."

"लांबीरुंदीवर. पण बाबा, पाटी तुम्हीच करायची. फक्त दोन फुटांची करू या."

ते बरं म्हणाले. मी पत्रा कापून आणला. दोन दिवस बाबा गच्चीवर होते. तिसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालायला गेले तेव्हा ते तो पत्रा चिंधीने पुसत होते. पुसल्यावरही मागे निळसर डाग राहिले होते, आणि त्या डागांत वाकडीतिकडी अक्षरं दिसत होती.

"छापीलच घ्या," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "बारीक अक्षराला हात थांबत नाही. तुझ्या दुकानावर असली अक्षरं लागली तर लोक म्हणतील, हिचे टाकेही असेच."

त्या रात्री ते पुन्हा निमूटपणे जेवले. भाजी खारट झाली होती, तरी एक अक्षर बोलले नाहीत. मला रडू आलं आणि रागही आला. कोणाचा राग, ते कळेना. म्हणून मी ह्यांच्यावर काढला.

"तुमचा तो कागद जाळून टाका!"

"कागद जाळून कर जातो का?" हे म्हणाले. गरीब माणूस. मी त्यांना दोन दिवस बिस्किटं आणली नाहीत.

माझ्या डोक्यातून ते पुसलेले डाग जाईनात. कारखान्यात माझ्याशेजारी एक वयस्कर कापणारी होती. तिलाही कंप होता. सुईत दोरा ओवता यायचा नाही, पण मोठी कात्री हातात घेतली की एका दमात सरळ रेघेत कापड कापायची. ती म्हणायची, बारीक काम बोटांचं, मोठं काम खांद्याचं; माझा खांदा अजून शहाणा आहे. म्हणजे बाबांना मोठी अक्षरं जमतील, लहान नाही. आणि नेमक्या मोठ्या अक्षरांनाच कर!

मी सल्लागार बाईंना फोन लावला. "बाई, पाटी म्हणजे नक्की काय? कशाला पाटी म्हणतात?"

"बाहेर लावलेली. दर्शनी भागावर, फुटपाथवर, काचेच्या बाहेरून."

"आणि आत? दुकानाच्या आतल्या भिंतीवर?"

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. "आतली भिंत तुमची. तिच्यावर काय वाटेल ते लिहा. कवितासुद्धा. त्याला कर नाही. पण रस्त्यावरून लोकांना दिसेल का?"

"बाई, पुढून सगळी काच आहे."

त्या हसल्या. "मग लिहा की बिनघोर."

बाबांना दुकानात न्यायला मला बरीच मनधरणी करावी लागली. त्यांनी भिंत हाताने चाचपून पाहिली. मग रस्ता ओलांडून पलीकडे गेले, तिथून बघितलं, परत आले. "भिंत फार मागे आहे," म्हणाले. "अक्षर दोन हात उंच हवं. आणि वर दिवा. दिव्याचा खर्च धरा."

"धरला," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी खडू लावलेली दोरी ताणून भिंतीवर रेघा मारल्या. मी मशीनला तेल घालायचं निमित्त करून तिथेच बसले. खरं तर मशीन नवीन होतं, त्याला तेलाची काही गरज नव्हती. बाबांनी जाड ब्रश बुडवला, कडेला निथळवला. हात थरथरत होता. थेंब जमिनीवर पडले. आणि मग त्यांनी ब्रश भिंतीला टेकवला, खांदा हलला, आणि वरून खाली एक सरळ, जाड, निळी रेघ उतरली. कुठेही अडली नाही.

बाबांनी मागे वळून बघितलं. "बघतेस काय? तेल घाल," ते म्हणाले.

'कपडे दुरुस्ती' एवढं लिहायला त्यांना तीन दिवस लागले. मधून मधून ते स्टुलावर बसायचे, मला चहा कमी गोड झाला म्हणून ऐकवायचे. घड्याळवाला दोनदा येऊन बघून गेला. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा पलीकडच्या बसथांब्यावरची एक बाई ते नाव मोठ्याने वाचताना मला दिसली. मला माझा बाप दुकानात मिरवून आणावासा वाटला, पण तो आधीच दुकानात होता आणि ब्रश धूत होता.

दुकान उघडायच्या आदल्या दिवशी हे कागद घेऊन आले. बाबांनी चष्मा लावून तो डोळ्यांजवळ धरला. बोट एका ओळीवर थांबलं.

"जावईबापू, पेंटर, शून्य?"

"अहो बाबा, घरचंच काम की."

"म्हणजे ह्या भिंतीवर काम झालंच नाही?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मशीनकडे बघितलं. ह्यांनी खिशातून पेन काढलं. "भाव काय आहे आपला?"

"अक्षरावर. काना-मात्रा फुकट, जोडाक्षराचे दीडपट. आणि घरचं म्हणून एक पैसाही कमी होणार नाही."

"नकोच. फक्त पावती लागेल, बाबा. पावती नाही तर खर्च झालाच नाही."

बाबांनी पावती लिहिली. बारीक अक्षरात त्यांचा हात थरथरला, सही कशीबशी झाली, पण पावती पावतीच. ह्यांनी पैसे मोजून दिले. मला वाटलं, आता ते माझ्या हातावर ठेवतील, दुकानाला लागतील म्हणतील. त्यांनी ते दोनदा मोजले आणि सदऱ्याच्या खिशात घालून वरून थोपटले. त्या थोपटण्याकडे बघून माझं मन भरून आलं. मला ते पैसे परत नकोच होते.

मग बाबा खुर्ची ओढून ह्यांच्याजवळ बसले.

"आता हे सांगा," त्यांनी गंभीरपणे विचारलं, "ह्यावर मला किती कर भरावा लागेल?"

"तुम्हाला? काही नाही बाबा. एवढ्याशा कमाईवर कर लागत नाही."

बाबांचा चेहरा उतरला.

"थोडासुद्धा नाही?"

"थोडासुद्धा नाही."

बाबा उठले, ब्रशांचा डबा काखोटीला मारला आणि घड्याळवाल्याकडे गेले, त्याच्या भिंतीचं माप घ्यायला.