सोन्याच्या दातामागची फुंकर

उझबेकिस्तानातल्या मार्गिलानमध्ये दिवेलागणीला घरातल्या वडीलधाऱ्या बाईने लेकराला फुंकर घालायची असते. ओठांतल्या ओठांत दुआ पुटपुटायची आणि सुफ्-सुफ् करत कपाळावर, छातीवर, पावलांवर फुंकायचं. दिवसभराची दृष्ट, धास्ती, किरकिर सगळी उडून जाते म्हणतात.

रिसोलतच्या घरी मात्र दिवेलागण झाली की तिच्या सुनेला, इरोदाला, हजार कामं आठवत. कधी नातीची, झुमरादची, आंघोळ राहिलेली असे, कधी पोर नुकतीच पेंगलेली असे. मांडीवर घ्यायला पुढे केलेले हात रिसोलत हळूच मागे घेई आणि रेशमाच्या मागावर विणायला जाऊन बसे.

कारण साधं होतं. रिसोलतच्या तोंडाला वास येत असे. रेशमाचे कोष उकळलेलं पाणी हंड्यात तसंच राहिलं की येतो ना, तसा.

तिचे वरचे पुढचे दात सोन्याचे होते. लग्नात नवऱ्याने हौसेने, चांगल्या धडधाकट दातांवर त्या टोप्या बसवून घेतल्या होत्या. तेव्हा नवरी हसली की सोनं चमकावं, अशी रीतच होती. नवरा गेला, बांगड्या गेल्या, दात तेवढे राहिले. ब्रशने सोनं झिजेल म्हणून ती रोज सकाळी ते रेशमाच्या चिंधीने पुसून लखलखीत करी. हिरड्यांतून रक्त आलं तर म्हणे, वय झालं. सोन्याला कसली आलीय कीड?

इरोदाने नवऱ्याला, इल्होमला, फोनवर सांगून पाहिलं होतं. तो रशियात बांधकामावर. आईला असलं कसं सांगायचं, म्हणाला. चहात लवंग टाकत जा. इरोदा लवंग टाकत राहिली. नाकाशी रुमालाचं टोक धरत राहिली. बोलली मात्र नाही.

मग एका दुपारी झुमरादला ताप भरला. औषध पोटात गेलं तरी पोर रडायची थांबेना. इरोदा धावत मागापाशी गेली. आज तिला वासाबिसाचं काही सुचत नव्हतं.

"आई, जरा फुंका ना हिच्यावर."

रिसोलतने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर धरलं आणि मान हलवली.

"नको, बाळ. इल्होमच्या आधी माझी दोन लेकरं मातीत गेली. म्हणून माझी फुंकर तुला अशुभ वाटते, हे मला कधीच कळलंय. तुझं चूक नाही. तूच फुंक."

इरोदा तिच्यासमोर बसली. मांडीवर पोर रडतच होती.

"तसं नाही हो आई! तुमच्या तोंडाला... वास येतो. दातांपाशी. सांगायची मला लाज वाटली."

रिसोलतने तोंडावरचा रुमाल खाली घेतला.

"एवढंच?" ती म्हणाली. "एवढंच होतं?"

आणि मग ती रडली.

झुमरादचा ताप उतरल्यावर दोघी दाताच्या डॉक्टरकडे गेल्या. मुअज्जम डॉक्टर वयाने मोठी, जिभेने तिखट. तिने एक दोरा रिसोलतच्या टोपीच्या कडेखालून ओढला. तो अडकला, पिंजून बाहेर आला. तिने तो रिसोलतच्याच नाकाशी धरला. रिसोलतने डोळे मिटले.

"सोनं कुजत नाही, मावशी, आतला दात कुजतो," डॉक्टर म्हणाली. "टोपी चिकटवायला लावलेला मसाला काही वर्षांत झिजतो. कडेला फट पडते, तिथे अन्न साचतं. चिंधी नुसती चमक पुसते."

"दोरा अडकला म्हणजे काठ उसवलाय," रिसोलत पुटपुटली. "जन्मभर बोटांत दोरा होता. दातांशी कधी नेला नाही."

"आता न्यायचा. दोन वेळा मऊ ब्रश हिरडीच्या रेषेवर, रात्री दोरा कडेखालून, जिभेवरूनही ब्रश. आणि दुखत नसलं तरी सहा महिन्यांनी माझ्याकडे यायचं." मग ती इरोदाकडे वळली. "आणि तू ग? अन्न अडकलं हा काही हिचा गुन्हा नव्हता. तू नाक वळवलंस आणि तोंड मिटलंस. मिटल्या तोंडातही घाण साचते, पोरी."



टोप्या कापून काढल्या. आतला एक दात वाचला नाही. रिसोलतने ते सोनं रुमालात बांधलं, गाठ दोनदा चाचपली. म्हणाली, "त्यांनी दिलेलं शेवटचं होतं."

जखम भरल्यावर एका दिवेलागणीला ती ओसरीवर बसली आणि तिने झुमरादला हाक मारली. पोर दुडुदुडु आली, आजीचा चेहरा जवळ येताच थांबली आणि तिने चिमुकला तळवा नाकावर ठेवला.

तिला कुणी शिकवलं नव्हतं. आईचं पाहून शिकली होती.

रिसोलत हसली, दाताच्या खिंडारावर हात धरून. इरोदाला ते हसू पाहवेना. ती पुढे झाली, सासूसमोर गुडघ्यांवर बसली आणि कपाळ पुढे केलं.

"आधी माझ्यावर फुंका, आई."

सुफ्. सुफ्. त्या श्वासाला आता कसलाच वास नव्हता. झुमराद त्या दिवशी जवळ आली नाही. नाकावर हात ठेवून, लांबूनच बघत राहिली.

बायांनो, दातावर टोपी असो नसो, त्याच्या कडा रोज साफ करा. आणि घरातल्या कुणाच्या तोंडाला वास येत असेल तर त्याला बाजूला घेऊन, हात हातात धरून सांगा. वासाला डॉक्टर आहे. आपण न बोलता नाक वळवतो, ते मात्र आपली लेकरं शिकतात.