चूक माझीच असू दे

गच्चीवरल्या खोलीत ते लांबोडकं यंत्र मांडलेलं असायचं. झरोक्यातून सूर्याचे किरण आत घ्यायचे, तबकडी फिरवून काटा शून्यावर आणायचा, की उन्हातले जाळणारे किरण अडवणारं वरचं ओझोनचं पांघरूण किती जाड ते कळायचं. निरीक्षक बाई बारा वर्षं हेच करत होती. दुखण्यातून उठलेल्या लेकराच्या अंगावर मांस चढावं, तसं ते पांघरूण हळूहळू भरत होतं.

आज दहाला जाडीचा आकडा आला दोनशे पंधरा. काल दोनशे ऐंशी होता.

बाईनं पुन्हा मोजलं. दोनशे सोळा.

तिला आधी आठवली लेकीची मान. मानेवर कोडाचा पांढरा ठिपका, म्हणून घरात तिला चांदणी म्हणत. साध्या उन्हानंही तो लालबुंद व्हायचा. आणि आज बाराला शाळेच्या उघड्या मैदानावर चांदणीची शर्यत होती. तिथं खेळ शिकवायची तिची सख्खी मावशी. बाईनं बहिणीला फोन लावला.

"शर्यत पुढं ढकल ना गं."

"का ताई, पुन्हा आभाळ कोसळतंय?" मावशी हसली. "मागच्या वर्षी तुझ्या सांगण्यावरून पोरं घरी धाडली. मग म्हणालीस, माझीच चूक. बोलणी कुणी खाल्ली? मी! आधी नीट बघ."

खरंच होतं ते. गारठ्यात, उकाड्यात यंत्रातल्या काचा किरण वेगळे वाकवतात. म्हणून मोजण्याआधी त्याच्या पोटातलं तापमान वाचून बाजूचा दांडा त्या अंशावर लावायचा. मागच्या वर्षी ती तेच विसरली होती.

तिनं पाहिलं. दांडा कालच्याच अंशावर!

"देवा, चूक माझीच असू दे," ती पुटपुटली. असं मागणं तिनं जन्मात कधी मागितलं नव्हतं. दांडा सरकवला. तबकडी फिरवली, काटा काही केल्या ठरेना. शेवटी ठरला.

दोनशे बावीस.

चुकीनं खाल्ले होते जेमतेम सहा-सात. बाकीचं भगदाड खरं होतं.

साडेअकराला पुन्हा बहिणीला फोन.

"सापडली चूक?"

"सापडली. माझीच होती."

"मग झालं तर!"

"दुरुस्त केली गं. तरी आकडा खालीच आहे."

मावशी हसली नाही. मग फोनमध्येच लांबलचक शिट्टी वाजली. "पोरांनो, आत चला! सगळे! चांदणे, तुला काय वेगळं आमंत्रण देऊ? पळ!"

पावलांचा कल्लोळ झाला, दार लागलं. बाईनं तो आकडा मुख्य कार्यालयाला कळवला. मग झरोक्याकडं पाहिलं. ऊन रोजच्यासारखंच आत आलं होतं, लख्ख, गोजिरं. तिनं त्यातून आपला हात पटकन मागं घेतला.