बोटाला लागलेली रेघ

“इथं काहून खरखर लागून राहिली, साहेब?” कांताबाईनं नकाशावरचं बोट उचललंच नाही.

साहेब हसले. “बाई, नकाशा बघायचा असतो, चाचपायचा नसतो.”

“मले वाचता येत नाही. जनमभर तांदूळ निवडले म्या. बोटापासून खडा लपत नाही.”

चौऱ्याहत्तरचा हिवाळा. सदर भागातल्या नगररचनेच्या कचेरीत हरकती ऐकण्याचा दिवस. विमानतळाची धावपट्टी वाढणार म्हणून कचेरीनं लाल रेघ ओढली होती. रेघेच्या आत घर ठेवायचं नाही. मागच्या साली याच कचेरीनं कांताबाईच्या वस्तीला ‘तुम्ही बाहेर’ असं सांगितलं होतं. त्या भरवशावर तिनं विटांच्या भिंती उचलल्या. आता रेघ तिच्या चुलीच्या पलीकडून जात होती. वस्तीतली एकतीस घरं आत. आणि आधी आत असलेलं, महापालिकेतल्या मेंबर महादेवरावांचं प्लॉट पाडलेलं लेआउट अलगद बाहेर. जमीन तसूभर हलली नव्हती. पातं तेवढं हललं होतं.

ते पातं कोपऱ्यात बसलेल्या रुपरावाचं. बावीस वर्षं नकाशे गिरवणारा माणूस. चार साहेब झाले, तक्रार एक नाही. कापडी नकाशावरची शाई दाढीच्या पात्यानं खरवडायची, वरून नखानं घोटायचं, की डोळ्याला पत्ता लागत नाही. साहेबांनी सांगितलं, त्यानं खरवडलं. काम इतकं साफ की मनातून जरा फुशारलाही होता. लाज आत्ता आली, एका बाईच्या बोटामागून.

“कापड जुनं आहे,” साहेब म्हणाले. “रेघ पहिल्यापासून इथंच. काय रुपराव?”

रुपराव उठला. नकाशा उचलून त्यानं खिडकीच्या काचेला लावला. उन्हात जुनी रेघ उमटली, वळ उठावा तशी.

“रेघ इथं होती, साहेब. तुम्ही म्हटलं, म्या खोडली.”

“डोकं फिरलं काय तुमचं?”

“फिरलंच. बावीस वर्षं उशिरा फिरलं.”

कांताबाई त्याच्याकडे वळली. “खोडतानी आमची घरं दिसली नाही काय गा तुले?”

“नकाशात घरं नसतात, बाई,” रुपराव म्हणाला. “नुसता पिवळा रंग असते.”

“पिवळा रंग!” ती म्हणाली. “माया सासऱ्यानं त्या पिवळ्या रंगात जीव सोडला.”

साहेबांनी कागदावर लिहिलं, ‘हरकत फेटाळली.’ दुसऱ्या दिवशी कोऱ्या कापडावर दुसऱ्याच माणसाकडून रेघ ओढून घेतली. तिला खरखर नव्हती. उन्हाळ्यात एकतीसच्या एकतीस घरं पाडली. महादेवरावांच्या लेआउटवर बंगले उठले. धावपट्टी अजून कागदावरच आहे.

रुपरावाला रेकॉर्डच्या खोलीत टाकलं. तिथं नवा नकाशा जमा व्हायला आला, की तो आधी चष्मा काढून ठेवायचा. मग कापडावरून बोट फिरवायचा. सावकाश, तांदळातला खडा शोधावा तसं.