बसून केलेली इस्त्री

आमच्या लाँड्रीत इस्त्री उभ्यानंच करायची. बसून केलेल्या इस्त्रीला धार येत नाही, असं माझी सासू सांगायची. तिच्या हयातीत दुकानात स्टूल आलं नाही, आणि ती गेल्यावर मी येऊ दिलं नाही. छत्तीस वर्षं त्या टेबलाशी उभी आहे मी. गुडघे बोंबलतात, पण गुडघ्यांना विचारतंय कोण?

सून आली ती हाताची चांगली. डॉक्टरांच्या कोटाची कॉलर अशी बसवायची की मला नाव ठेवायला जागा उरायची नाही, आणि मी जागा शोधण्यात कमी नाही. पण दोन वर्षांपूर्वी तिला ताप आला. ताप गेला, दुखणं मुक्कामाला राहिलं. आज खांदा, उद्या कंबर. झोपून उठायची तीच दिवसभर राबल्यासारखी. तपासण्यांत मॅग्नेशियम तेवढं जरा कमी निघालं, बाकी कागदावर सगळं ठीक.

"कागदाला दुखत नाही ना, आई," ती म्हणाली.

"आणि तुला बरं कामाच्याच वेळी दुखतं!"

एक दिवस तिनं स्टूल मागितलं. "बसून करते. एक कपडा कमी होणार नाही."

"या टेबलाशी कुणी बसलेलं नाही. उभं राहवत नसेल तर माहेरी जा, तिथं पलंगावर बस."

माझा लेक शर्टांची बटणं तपासत राहिला.

डॉक्टरीणबाईंनी मॅग्नेशियमची रोज एक गोळी दिली होती. मला वाटलं, चला, औषध सापडलं. खळ पातळ असली की कॉलर लोळते, घट्ट केली की ताठ उभी राहते. माणसाचं काय वेगळं? मी एकीच्या चार केल्या, आणि शेजारच्या शिंपिणीनं सांगितल्या म्हणून लोहाच्या नि जस्ताच्याही आणल्या. पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहायची.

"बाईंनी एकच सांगितलीय."

"बाईंनी कधी खळ शिजवलीय? गीळ."

ती गिळायची.

पाचव्या दिवशी सकाळपासून तिला ढाळ लागले होते. दुपारी कोटाची बाही करता करता ती पांढरी पडली. इस्त्री उचलून टाचेवर उभी केली, कोट बाजूला सरकवला आणि मग कोसळली. कोटाला डाग नाही. मी पाहतच राहिले. अंगचोर बाई पडताना इस्त्री सांभाळत नाही.

दवाखान्यात बाईंनी विचारलं, "चार गोळ्या कुणी घ्यायला सांगितल्या?"

"माझंच चुकलं," सून म्हणाली.

"मी दिल्या," मी म्हणाले.

बाईंनी मला समोर बसवलं. "आजी, कमी आहे तेवढं भरायचं. वर ओतलं की अंगावर येतं. हिचं दुखणं खरं आहे, आणि नुसत्या गोळीनं जाणारं नाही. थोडं काम, थोडा आराम, थकण्याआधी बसायचं. रोज."

परतताना मी सुनेला विचारलं, "माहीत होतं तर गिळल्यास कशाला?"

"नसत्या गिळल्या तर तुम्हीच म्हणाला असतात, हिला बरंच व्हायचं नाही." मग हळूच म्हणाली, "चार दिवसांनी माहेरी जाते, आई. उभं राहणं आता होणार नाही."

चौथ्या दिवशी सकाळीच मी सुताराला बोलावलं आणि टेबलाचे पाय वीतभर कापून घेतले. शिंपिणीकडून दोन स्टुलं आणली. एकावर बसले. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. कोट पसरला, बाही ओढली, इस्त्री फिरवली. मग घडीवरून बोट नेलं.

धार आली होती.

सासूला चार शब्द सुनावावेसे वाटले, पण तीही बिचारी उभी राहून राहूनच गेली.

सून पिशवी घेऊन दारात आली. आधी टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई, तुम्ही बसलात?"

"तोंड काय बघतेस? ते दुसरं तुझं. अर्धा तास झाला की इस्त्री खाली, मला ओरडायला लावू नकोस. आणि गोळी एकच."

तिनं जवळ येऊन बाहीवर बोट ठेवलं. "इथं जरा वाकडी गेलीय."

"मग कर सरळ."

पिशवी टेबलाखाली सरकवायला गेली, पण आता तिथं मावेना. तिनं ती भिंतीशी ठेवली आणि बसली.