बाटलीचा गुण

डोसकाकांचा औषधांवर विश्वास होता, आणि तो नुसता धंद्यापुरता नव्हता. उभं आयुष्य औषधांच्या दुकानात काउंटरमागे काढलेला माणूस. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारची दुखणी होती, औषध सापडलेली आणि औषध अजून सापडायची राहिलेली. गिऱ्हाइकाला बाटली देताना ते "जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर" असं तीनतीनदा बजावत, आणि गिऱ्हाईक पायरी उतरलं की मागून हाक मारून चौथ्यांदा. म्हणून गल्लीनं त्यांना डोसकाका करून टाकलं होतं. अशा माणसाची जुनी गाडी चढावर धापा टाकायला लागल्यावर त्यानं गाडीलाही औषध सुरू केलं, यात नवल ते काय?

गाडी निळी होती, म्हणजे एके काळी होती. मुलगी तिच्या मागच्या सीटवर पेंगत पेंगत मोठी झाली आणि लग्न होऊन टेकडीवरच्या घरात राहायला गेली. दर रविवारी डोसकाका, काकू आणि काकूंचा धाकटा भाऊ तिच्याकडे जेवायला जात. या भावाचं गॅरेज होतं आणि त्याला सगळे मिस्त्री म्हणत, सख्खी बहीणसुद्धा. टेकडीच्या रस्त्यावर पाण्याच्या टाकीपाशी एक वळण होतं आणि तिथून पुढे रस्ता जो अंगावर यायचा तो थेट मुलीच्या फाटकापर्यंत. फार मागे एकदा त्या वळणावर गाडी जरा अडखळली, तेव्हा मिस्त्रीनंच भार कमी करू या म्हणून सगळ्यांना उतरवलं होतं. तेव्हापासून ती रीतच पडली. टाकी आली की डोसकाका ब्रेक दाबायचे, बाकीचे दोघं बोलता बोलता दारं उघडून उतरायचे, आणि रिकामी गाडी कण्हत वर निघायची. काकू डब्याची पिशवी सांभाळत मागून चालायच्या. कधीकधी त्याच आधी पोचायच्या.

एका रविवारी मात्र टाकीपासून निघताना इंजिन बंद पडलं आणि गाडी चांगली हातभर मागे घसरली. मुलीनं ते गच्चीतून पाहिलं. तिनं आधी सगळ्यांना जेवू घातलं. मग शांतपणे म्हणाली,

"बाबा, आता बास. गाडी विकून टाका. मी दर रविवारी न्यायला येईन, सोडायला येईन."

तिच्या बोलण्यात काळजीच होती, पण ते न्यायला आणि सोडायला डोसकाकांच्या जिव्हारी लागलं. नेतात आणि सोडतात ते पार्सल. आपण मुलीकडे यायचं ते आपल्या मनाला आलं म्हणून, आपल्या हातानं चावी फिरवून. दुसऱ्याच्या गाडीत मांडीवर पिशवी घेऊन बसलेले स्वतः त्यांच्या डोळ्यांसमोर आले आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं. त्यांनी एका रविवारची मुदत मागितली. पुढच्या खेपेला सगळ्यांना घेऊन, कुणालाही न उतरवता गाडी वर आली, तर ती राहील. नाही आली, तर मुलीनं तिथूनच भंगारवाल्याला फोन करावा. मुलगीही बापाचीच. तिनं लगेच कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी डोसकाकांनी इंजिनाची पेट्रोललाइन साफ करणारं औषध आणलं. लेबलावर सरळ लिहिलं होतं, भरलेल्या टाकीत पूर्ण बाटली ओता आणि गाडी लांबवर चालवा. पण औषधवाल्याला लेबल कोण शिकवणार? पेशंट वयस्कर, तेव्हा डोस निम्मा आणि तोही विभागून. खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण घेऊन ते रोज सकाळी पेट्रोलच्या टाकीच्या तोंडाशी उभे राहू लागले. एक टोपण मोजून ओतायचं, झाकण लावायचं, दोन गल्ल्या ओलांडून दुकानापर्यंत जायचं आणि गाडी सावलीत लावायची. विश्रांती हवीच.

मिस्त्रीनं हा उपचार पाहिला तेव्हा तो हसून हसून फुटपाथवरच बसला. त्याच्या मते असल्या बाटल्या म्हणजे निव्वळ भूलथापा होत्या. झिजलेलं इंजिन बाटलीनं भरून येत नसतं, आणि नुसती घाण साचली असली तर फार तर ती धुऊन निघेल. पण द्यायचंच तर नीट तरी द्या, असं त्याचं म्हणणं पडलं.

"भावोजी, तुम्ही पेशंटला चमचाभर औषध पाजताय आणि परत गादीवर निजवताय. टाकी भरा, सगळी बाटली ओता आणि हिला मोकळ्या रस्त्यावर पळवा."

डोसकाकांना ही उपमा पटली. त्यांनी दुकानाला चक्क अर्धा दिवस सुट्टी दिली, काकूंना शेजारी बसवलं आणि गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर गाडी काढली. कितीतरी दिवसांत दोघं असे उगाच कुठे गेले नव्हते. खिडक्या उघड्या, काकूंचे केस भुरभुर उडताहेत, वेगाचा काटा कधी नव्हे तो चढतोय. काकू चक्क गुणगुणायला लागल्या. डोसकाका बाटलीचा गुण आला असं म्हणणार, एवढ्यात गाडीनं दोन गचके दिले, खोकली आणि रस्त्याच्या कडेला मुकाट्यानं उभी राहिली.

मिस्त्री दोर घेऊन आला, गाडी ओढून गॅरेजात नेली आणि पेट्रोलचा फिल्टर काढून भावोजींच्या नाकासमोर धरला. आत काळा चिखल बसला होता. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेली घाण औषधानं सुटी झाली आणि सगळी येऊन फिल्टरात अडकली, असं तो म्हणाला. डोसकाकांचा चेहरा एकदम खुलला.

"म्हणजे औषध लागू पडलं."

"लागू कसलं? उलटी झाली तिला."

"तेच म्हणतोय मी. आधी उलटी, मग उतार."

मिस्त्रीनं हात टेकले. त्यानं नवा फिल्टर बसवला. मग कुणी सांगितलं नसताना प्लग काढून घासले, हवेची जाळी झटकली, आणि हे सगळं करताना गाडी विका म्हणून बडबडतही राहिला. त्याच्या बडबडीकडे लक्ष द्यायचं नसतं, हे काकूंना लहानपणापासून ठाऊक होतं.

रविवार उजाडला. डोसकाकांनी आदल्या दिवशीच काचा पुसून ठेवल्या होत्या. गाडी लोण्यासारखी चालली होती. ना थरथर, ना खोकला. टेकडीचा रस्ता सुरू झाला, टाकी दिसू लागली. मागे काकू आणि मिस्त्री त्यांच्या कुठल्याशा आत्याच्या मोडलेल्या सोयरिकीवर तावातावानं बोलत होते. वळण आलं. डोसकाकांनी पहिला गिअर टाकला, श्वास रोखला आणि रेस दिली. गाडी अशी काही सुटली की त्यांचा त्यांनाच विश्वास बसेना. कण्हणं नाही, कुंथणं नाही. बघता बघता फाटक आलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"बघितलंस?" असं म्हणत ते मागे वळले.

मागची सीट रिकामी होती. दोन्ही दारं मात्र नीट लावलेली.

फाटकात मुलगी आपल्या छोट्या लेकीला, चिमणीला, कडेवर घेऊन उभी होती. चिमणीनं गाडीत डोकावून आजी कुठंय म्हणून विचारलं. सगळ्यांनी खाली पाहिलं. वळणापासून काकू पिशवी सांभाळत, मिस्त्री हातवारे करत, सोयरिकीचं पुढचं प्रकरण रंगवत सावकाश वर येत होते. अर्ध्या वाटेवर काकूंना काहीतरी आठवलं. त्या जागच्या जागी थांबल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. ब्रेक आपणच दाबला होता, हे तेव्हा कुठे डोसकाकांच्या ध्यानात आलं.

मुलीनं ओठ दाबून हसू आवरायचा प्रयत्न केला. तो फसला.

"हे धरायचं नाही, बाबा," ती कशीबशी म्हणाली. "परत. आणि आता मीपण बसणार."

ती बसली म्हणजे चिमणीही आली. गाडी खाली आली, सगळ्यांना भरून घेतलं आणि पार टेकडीच्या पायथ्याशी जाऊन वळली. या वेळी काकू पुढे बसल्या. टाकीपाशी ब्रेकला पाय लावलात तर आजपासून स्वयंपाक तुमचा, असं त्यांनी सांगून टाकलं. मागे मिस्त्री आपलं दार दोन्ही हातांनी ओढून धरून बसला होता. त्याचा स्वतःवर भरवसा नव्हता. आत्याचा विषय कुणी काढला नाही.

वळण दिसलं तसा डोसकाकांचा पाय आपसूक उचलला गेला. काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली. पाय परत रेसवर गेला. टाकी बाजूनं निघून गेली. चढ लागला, आवाज जड झाला, गाडी मंदावली. डोसकाकांनी गिअर बदलला आणि तिला हळूच चुचकारलं, शाळेत निघालेल्या पोराला चुचकारावं तसं. गाडी गेली. पाच माणसं आणि एक डब्याची पिशवी घेऊन ती फाटकातून आत शिरली आणि चिमणीनं पुढे झुकून हॉर्न दाबला तो सोडेचना. मिस्त्री खाली उतरून एकटाच टाळ्या वाजवत होता.

जेवताना अर्थातच भांडण जुंपलं. डोसकाका म्हणाले बाटली, मिस्त्री म्हणाला फिल्टर. घाण बाहेर काढली कुणी, आणि निघालेली घाण टाकली कुणी, यावर दोघांचीही पानं सुकली. मुलगी वाढता वाढता ऐकत होती. मग तिनं सहज विचारलं,

"पण त्या वळणावर न थांबता तुम्ही याआधी कधी चढून बघितलं होतं?"

मिस्त्रीचा घास हातातच राहिला. ऐन चढाच्या तोंडाशी गाडी उभी करायची आणि तिथून उचलायची, म्हणजे तिला मुद्दाम दमवायचंच, हे त्याच्यासारख्या गाड्यांतल्या माणसाला सांगायची गरज नव्हती. आणि उतरायची अक्कल त्याचीच होती. डोसकाका आमटीत काहीतरी शोधू लागले. काकूंनी डाव खाली ठेवला.

"म्हणजे मी इतकी वर्षं उगाच चालले?"

"चालणं गुडघ्यांना फार चांगलं," डोसकाका काउंटरवरच्या आवाजात म्हणाले, आणि काकूंची नजर पाहून पुढचं गिळून टाकलं. पण काकूंनाच आधी हसू फुटलं. मग मुलगी, मग मिस्त्री. चिमणीला काही कळलं नव्हतं, पण सगळ्यांत जास्त तीच हसली.

निघताना मुलगी गाडीच्या खिडकीशी आली. डोसकाकांनी चावी लावली, पण फिरवली नाही. ती काय म्हणते याची वाट पाहत राहिले. तिनं काचेवरचा चिमणीच्या बोटांचा ठसा बाहीनं पुसला.

"पुढच्या रविवारी जरा लवकर या, बाबा," ती म्हणाली.

या, म्हणाली. डोसकाकांनी नुसती मान हलवली, कारण घसा दाटून आला होता आणि त्यावरचं औषध दुकानात राहिलं होतं. मग त्यांनी चावी फिरवली.