फाट्यावर थांबायची जीप

पौडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर साहेबांनी गोजराबाईंना बाकावर बसवलं आणि जरा सांभाळूनच विषय काढला.

"आजी, तुम्ही मागं लागलात म्हणून संध्याकाळची फेरी सुरू केली. पण गाडी रिकामी जातेय. तुमच्या वाडीचं एक माणूस चढत नाही. आज शेवटचं बघतो. आजही तुमच्याशिवाय कुणी आलं नाही, तर उद्यापासून बंद."

"आवो, असं कसं? माजी नात रोज तुमच्याच गाडीनं येतीया की!"

साहेबांनी नुसतं स्टँडच्या फाटकाकडे बघितलं.

या फेरीसाठी गोजराबाईंनी काय केलं नव्हतं! वाडी घोटावड्याच्या फाट्यापासून आत, डोंगराच्या अंगाला. एसटी तिथवर चढत नाही. लेकानं तर स्पष्टच सांगितलं होतं, संध्याकाळी परतायची धड सोय असेल तरच नातीचं, वैष्णवीचं कॉलेज, नाहीतर घरी बसायचं. मग म्हातारीनंच मेळ घातला. एसटीनं माणसं फाट्यावर सोडायची आणि तिथून अमोलनं आपल्या जीपमधून वर न्यायची. अमोल म्हणजे धाकट्या दिराचा मुलगा. आईविना पोर, गोजराबाईंच्याच हाताखाली वाढलेला. एसटीची वेळ ठरली तशा त्या आधी त्याच्याच दारात गेल्या होत्या.

"वेळ नीट ध्यानात ठिव रं बाबा. पोरी ताटकळायला नकोत."

"काकी, तुमी काळजीच सोडा," तो म्हणाला होता.

वेळ त्यानं ध्यानात ठेवली होती खरी. एसटी लागायच्या जरा आधी त्याची जीप फाटकाबाहेर येऊन उभी राहिली. "चला घोटावडे, वाडी! थेट दारात!" बघता बघता जीप भरली. सगळी वाडीचीच माणसं. पुढं म्हातारा भैरू, मागं कॉलेजच्या पोरी, आणि त्यांच्यात वैष्णवी.

गोजराबाई तरातरा जीपपाशी गेल्या. "अमोल, तू फाट्यावर थांबायचास ना रं?"

अमोल चपापला. "काकी, फाट्यापासनं वाडी ती केवढी? डिझेलबी निघत न्हाई."

"आरं, पन एसटी बंद पडंल!"

"पडू द्या की. मी हाय न्हवं?"

"हाय कुटं?" भैरू खिदळला. "फुडच्या महिन्यात हा हिंजवडीला चाललाय, कंपनीच्या ड्युटीवर. सायेब झालाय आता!"

जीपमध्ये हशा पिकला. अमोलनं मान वळवून गाडी सुरू केली.

"मग तवा काय कराल रं?" गोजराबाईंनी विचारलं. "उतरा. आजच्या दिस तरी उतरा!"

"वयनी, फाट्यावर उतरा, परत चढा, कुनी सांगितलाय येवढा कुटाणा? तवाचं तवा बघू," भैरू म्हणाला.

"वैष्णवे, तू तरी ये."

वैष्णवीनं मैत्रिणींकडे बघितलं, मग मांडीवरच्या दप्तराकडे. ती उठली नाही. जीप निघून गेली.

एसटीत गोजराबाई एकट्याच चढल्या. कंडक्टर चांगल्या मनानं म्हणाला, "कुठंही बसा आजी, सगळी गाडी तुमचीच." त्यांना ते ऐकवेना.

फाट्यावर उतरल्या तर वैष्णवी उभी. जीपमधून मधेच उतरलेली.

"अमोलकाका म्हनला, आज्जीला सांगू नगं, तिला वाईट वाटंल. सगळीच त्याच्या गाडीनं यायची, मग मी पण..." ती दप्तर सावरत पुढं आली. "उद्यापासनं मी एसटीनंच येईन, आज्जे."

"उद्या एसटी कुटली?"

पोर रडायला लागली. एरवी गोजराबाईंनी तिला पदराखाली घेतलं असतं. आज त्यांचा हात पुढं झाला नाही. जिला शिकवायचं म्हणून सारा खटाटोप, तीही रोज त्याच जीपमध्ये बसत होती.

"तुज्या बापाला तूच सांगायचं," त्या म्हणाल्या. "एसटी का गेली ते. मी न्हाई बोलायची."

आणि पदर खोचून त्या पुढं चालू लागल्या.